रविवारच्या कमाईचा दशांश

डुलुथ बंदर, १० ऑगस्ट

फेन्ना,

आधी गॅस बंद कर आणि मग वाचायला बस. मागच्या वेळी माझं पत्र वाचता वाचता तू दूध उतू घालवलंस आणि वर मलाच बोल लावलास.

बातमी अशी की आमची कंपनी विकली गेली. बोट तीच, भटारखाना तोच, आचारी मीच. फक्त धुराड्याचा रंग बदलणार. पण जुन्या कंपनीने बावीस वर्षं माझ्या पगारातून कापून म्हातारपणासाठी जे साठवलं, ते खातं आता बंद होतंय. बासष्ट हजार डॉलर! एवढे पैसे माझ्या नावावर आहेत हे वाचून मी दोनदा चष्मा पुसला. ते तिथून काढून दुसऱ्या निवृत्तीच्या खात्यात टाकायचे आहेत. याला रोलओव्हर म्हणतात. या खात्यातून त्या खात्यात नीट गेले, तर आत्ता टॅक्स नाही. पुढे म्हातारपणी काढीन तसतसा भरायचा. मधे कुठे सांडले, तर सांडले तेवढ्यावर लगेच टॅक्स.

फॉर्म घरच्या पत्त्यावर येईल. मी जानेवारीपर्यंत पाण्यावर. माझं मुखत्यारपत्र तुझ्याकडे आहेच, तेव्हा तूच भर, तूच सही कर आणि आपल्या गावच्या बँकेत माझ्या नावाने खातं उघड. पैशांच्या बाबतीत तुझ्याइतका भरवसा मला कुणाचाच नाही.

अट एकच. यातला एक सेंटही मंडळीच्या दानपेटीत जाता कामा नये. राग येईल तुला, येऊ दे. रविवारी बोटीवर स्वयंपाक करतो म्हणजे मी शब्बाथचा पवित्र विसावा मोडतो, म्हणून याच वडीलमंडळींनी मला प्रभुभोजनाला बसू दिलं नाही. अठ्ठावीस माणसांना रविवारी उपाशी ठेवायला हवं होतं का मी? भाकरीचं ताट आपल्या आईच्या हातातून माझ्याकडे आलं आणि तो बर्ट हुक्स्ट्रा मधे हात घालून ते पुढे घेऊन गेला. आईने मान खाली घातली ती उपासना संपेपर्यंत वर केली नाही. पुढे ती गेली, पण मी ते विसरलेलो नाही. तो सगळा रविवारच्या कमाईचा पैसा आहे. त्यांना विटाळ नको म्हणून सांगतो.

मोजे मिळाले. एक लहान, एक मोठा आहे. चालतील.

हार्म


नोर्डवाल्ड, १६ सप्टेंबर

हार्म,

मोजे दोन्ही सारखेच आहेत, तुझे पाय सारखे नाहीत. लहानपणापासून नाहीत.

चेक शनिवारी आला. फॉर्मवर दोन पर्याय होते: पैसे नव्या बँकेला परस्पर पाठवायचे, की चेक घरी पाठवायचा. मी घरी मागवला. परस्पर गेलेल्या पैशांचं काही खरं नसतं बाबा. डोळ्यांखालून गेले की जिवाला बरं. चेक एकोणपन्नास हजार सहाशेचा आहे. पाचवा हिस्सा, म्हणजे बारा हजार चारशे, सरकारने टॅक्सपोटी आधीच कापून ठेवलाय. घरी मागवला की कापतातच, असं बँकेतली मुलगी म्हणाली. वर्षाचं रिटर्न भरताना त्याचा हिशोब होतो म्हणे.

सोमवारी तुझ्या नावाचं खातं उघडलं. या घरात पैसा आल्यावर जे जसं करायचं, ते तसंच केलं, आईने शिकवलं त्या क्रमाने. तू काळजी करू नकोस.

बाकी ठीक. सफरचंदं भरपूर उतरली. मंडळीत नवी भट्टी बसवायचं चाललंय, जुनी नुसता धूर ओकते आणि मागच्या बाकांवर माणसं गारठतात. बातमी म्हणून सांगितलं आपलं.

दाढ दुखते आहे, पण ते नेहमीचंच.

फेन्ना


डेट्रॉइट नदी, ११ ऑक्टोबर

अगं बाई माझे,

चेक घरी कशाला मागवलास! काल रात्री जेवताना सहज विषय निघाला तर आमचा सुकाणूवाला लोवेल चमचा हातात धरून माझ्याकडे बघतच राहिला. त्याच्या मेहुण्याचं असंच झालं होतं. परस्पर पाठवले असते तर एक पैसा कापला गेला नसता. आता ऐक नीट. सरकारने कापलेले बारा हजार चारशेसुद्धा माझ्या खात्यातून निघालेलेच पैसे धरतात. चेक हातात पडल्यापासून साठ दिवसांच्या आत पूर्ण बासष्ट हजार नव्या खात्यात दिसले पाहिजेत. कापलेला भाग आपण खिशातून घालायचा, आणि सरकारकडे अडकलेले पैसे रिटर्न भरल्यावर परत मिळतात. घातला नाही तर तो खर्च केला असं धरून त्याच्यावर टॅक्स. म्हणजे कापलं त्यांनी आणि भरायचं आपण! लोवेल म्हणतो, नियम आहे. मी म्हटलं, नियम करणाऱ्याला माझ्याकडे जेवायला पाठव.

गाडीसाठी साठवलेले होते ते सगळे काढले. सोबत बारा हजार चारशेचा चेक आहे. टपालाची होडी आत्ता बाजूला लागली आहे आणि तिचा माणूस खालून ओरडतोय, म्हणून अक्षर असं. हा चेक लगेच त्याच खात्यात भर. मुदत अकरा नोव्हेंबरला संपते, त्या दिवशी सैनिकांची सुट्टी, बँक बंद. म्हणजे दहा तारीख धर. एकोणपन्नास हजार सहाशे आधीचे, त्यात हे. बासष्ट पूर्ण. मग मी मोकळा.

एवढं कर, चिडू नकोस. मी चिडलेलो नाही. थोडासाच चिडलो आहे.

हार्म


नोर्डवाल्ड, २ नोव्हेंबर

हार्म,

चेक मिळाला आणि त्याच दिवशी भरला. बँकेची पावती माझ्याकडे जपून ठेवली आहे.

एक विचारते. समज, कुणाचं पूर्ण नाही भरलं गेलं, थोडं कमी पडलं, तर सगळाच रोलओव्हर बाद होतो का, की कमी पडलं तेवढंच? लोवेलला विचारशील? बँकेत विचारलं तर ती मुलगी माझ्याकडे अशी बघते की मी तिचीच तिजोरी फोडायला आले आहे. मला रात्री झोप लागत नाही. वयच झालंय.

हिवाळ्यात घरी येशील ना? तुझी खोली आवरून ठेवली आहे. खिडकीची फट बुजवून घेतली.

फेन्ना


नोर्डवाल्ड, ९ नोव्हेंबर (हे पत्र पोस्टात टाकलं नाही)

हार्म,

आता तरी लिहिते. ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवू?

खात्यात बासष्ट हजार नाहीत. छप्पन्न हजारही पुरते नाहीत. सहा हजार दोनशे कमी आहेत. ते मी मंडळीला दिले. तुझा दशांश. बासष्ट हजारांचा दहावा हिस्सा, कारण देवाचा वाटा सरकारने कापायच्या आधीच्या रकमेवर धरायचा, नंतरच्या नव्हे. हे तुला माहीत आहे, तूसुद्धा याच घरात वाढलास. चेक आला, मी टेबलावर ठेवला आणि पेन उचललं. तुझी अट आठवली नाही असं म्हणणार नाही. आठवली होती.

आज त्या बर्ट हुक्स्ट्राकडे गेले होते. अजून डीकन तोच आहे, मंडळीचे पैसे त्याच्याच हातात. म्हटलं, "बर्ट, ते सहा हजार दोनशे मला परत हवेत, उद्यापर्यंत." तो कोंबड्यांना दाणे घालत होता. दाणे घालून झाले तेव्हा म्हणाला, "फेन्ना, देवाला दिलेलं परत मागायची पद्धत आपल्याकडे नाही. आणि भट्टी बसवून झाली." मी म्हटलं, पैसे माझे नव्हते. तर म्हणतो, "मग दिलेस कशाला?" तशीच परत आले.

रविवारी चर्चमध्ये पहिल्यांदा भट्टी लावली. सगळी मंडळी कोट काढून ऐटीत बसली होती. मला मात्र दरदरून घाम फुटला.

माझ्याजवळ एवढे पैसे नाहीत. पियानोच्या शिकवण्यांवर किती साठणार? उद्या शेवटचा दिवस. मी काय करू ते सांग. पण सांगणार कसं, तुला हे पत्र मिळेपर्यंत उद्या होऊन गेलेला असेल. मग लिहून तरी


नोर्डवाल्ड, १२ नोव्हेंबर

हार्म,

मुदत संपली. मंगळवारी बँक बंद होईपर्यंत तिथेच होते. खात्याचा आकडा पुन्हा एकदा विचारून घेतला.

सफरचंदाचा मुरंबा सहा बाटल्या झाला. तीन तुझ्यासाठी. कधी येतोस ते कळव.

फेन्ना


स्टर्जन बे, २० फेब्रुवारी

फेन्ना,

मी हिवाळ्यात आलो नाही म्हणून रुसली आहेस, हे तुझ्या नाताळच्या कार्डावरूनच कळलं. नुसतं नाव लिहून पाठवलंस. इथे गोदीत बोटीची राखण करायचं काम मिळालं, हे कारण खरं आहे. पण सगळं खरं सांगू? रविवारी सकाळी तू टोपी घालून, बायबल काखेत धरून दारात थांबतेस. "चल" म्हणत नाहीस. नुसती थांबतेस आणि मग एकटी जातेस. ते मला झेपत नाही. त्यापेक्षा ही बर्फात रुतलेली बोट बरी.

असो. कंपनीचा तो १०९९-आर फॉर्म तू पाठवलास तो मिळाला. त्यावर एकूण बासष्ट हजार आणि कापलेले बारा हजार चारशे, दोन्ही बरोबर. मी स्वतः रिटर्न भरलं, बघ आणि शाबासकी दे. निवृत्तीच्या ओळीवर एकूण बासष्ट हजार. शेजारच्या चौकोनात, करपात्र किती, तर शून्य. आणि बाजूला "रोलओव्हर" असा शब्द लिहायचा असतो, म्हणजे सरकारला कळतं की एवढा पैसा येऊनही हा माणूस शून्य का लिहितोय. नाहीतर त्यांना वाटायचं मी बासष्ट हजार गिळले आणि ढेकर दिला नाही. कापलेले बारा हजार चारशे भरलेल्या टॅक्समध्ये दाखवले, ते परत येतील. सही केली आहे. सहीच्या वर छापलंय, यातलं खोटं निघालं तर शिक्षा होईल. शिक्षा होण्यासारखं माझ्या आयुष्यात काही घडतच नाही, त्यामुळे बिनधास्त सही केली.

तू फक्त कंपनीचा फॉर्म पुढे टाचून पंधरा एप्रिलच्या आत पोस्टात टाक. परतावा आला की त्यातून तुझे दात. पूर्ण वरची कवळी, खालच्या दोन दाढा, काय लागेल ते. नाही म्हणायचं नाही. दहा वर्षं एका बाजूने चावतेस, मला दिसत नाही का?

हार्म


नोर्डवाल्ड, २२ मार्च

हार्म,

तुझं रिटर्न महिनाभर माझ्या टेबलावर पडलं आहे. रोज एकदा पाकिटात घालते आणि रोज बाहेर काढते. पोस्टात टाकलेलं नाही. त्या शून्याखाली तुझी सही आहे आणि ते शून्य खोटं आहे. तुला माहीत नाही, मला माहीत आहे.

खात्यात पंचावन्न हजार आठशे आहेत. उरलेले सहा हजार दोनशे मी सप्टेंबरात मंडळीला दिले. दशांश. तू नको म्हणाला होतास, तरी दिले.

अजून एक सांगते, कारण अर्धं सांगून गप्प बसले तर परत झोप जाईल. फॉर्मवर "परस्पर पाठवा" हा चौकोन होता तो मी मुद्दाम सोडला. डोळ्यांखालून जावेत वगैरे ते तुला सांगायला. परस्पर गेले असते तर घरात आलेच नसते, आणि घरात न आलेल्याचा दशांश कसा काढणार? म्हणून चेक मागवला. त्यापायी पाचवा हिस्सा कापला गेला आणि तुझ्या गाडीचे पैसे गेले, ते माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं. मला वाटलं, बावीस वर्षांत तुझ्या नावाने देवाच्या घरात काही गेलं नाही, एकदा तरी जावं. तू बसत नाहीस तर निदान तुझा वाटा तिथे बसू दे. वेड लागलं होतं म्हण.

गावच्या वाचनालयात या दिवसांत म्हाताऱ्यांची रिटर्नं फुकट भरून देतात, तिथे गेले होते. विल्मा डी योंग होती, तुझ्या वर्गातली, तुझं नाक फोडलं होतं तीच. मी तिला आकडे सांगितले. ती म्हणाली, "सोपं आहे. एकूण किती निघाले? बासष्ट. साठ दिवसांत परत किती ठेवले? पंचावन्न हजार आठशे. उरले ते करपात्र. बाजूला रोलओव्हर लिहायचं, ते तसंच." कापलेले बारा हजार चारशे जसे आहेत तसे. आणि पंचावन्न ओलांडल्यावर ती नोकरी सुटली म्हणून वरचा दहा टक्के दंड नाही. मी विचारलं, "ते सहा हजार दोनशे कुठे गेले ते लिहावं लागेल का?" म्हणाली, "सरकारला त्याच्याशी देणंघेणं नाही. पत्त्यात हरलीस तरी चालेल."

तिथून घरी चालत येताना मनात काय काय आलं म्हणून सांगू! सरकार विचारत नाही. म्हणजे मी तुला काहीही सांगू शकले असते. छपराला गेले म्हणाले असते, तुझा विश्वास बसला असता. पण तू विचारशील, आणि मी तुझ्या तोंडावर खोटं बोलेन, आणि मग तू त्या पैशांतून माझे दात बसवशील. नाही जमणार.

सोबत विल्माने भरलेला नवा फॉर्म आहे. करपात्र: सहा हजार दोनशे. नीट वाच आणि सही करायची तर कर. जुना फाडून टाकला.

फेन्ना


डुलुथ बंदर, ३ एप्रिल

फेन्ना,

फॉर्म वाचला. सही केली आणि इथूनच सरकारला पाठवला. फॉर्म बरोबर आहे. तू बरोबर नाहीस.

मुखत्यारपत्र रद्द करतोय, वकिलाचा कागद वेगळा येईल.

बावीस वर्षं माझा हात त्यांच्या ताटाला लागलेला चालला नाही. माझे पैसे बरे चालले! आणि ते पोहोचवले कुणी, तर माझ्या बहिणीने. एकट्या तुझ्यावर भरवसा होता माझा. बर्टला सांग, भट्टी मी दिली आहे, ऊब नीट घे म्हणावं.

हार्मन


नोर्डवाल्ड, १४ एप्रिल

हार्मन,

वकिलाचा कागद आला. सही करून परत पाठवला.

तुझा निरोप मी बर्टला पोहोचवला, शब्दाला शब्द. एकट्याला गाठून नाही, वडीलमंडळींच्या बैठकीत. बायका तिथे जात नाहीत, ठाऊक आहे मला. दार वाजवून आत गेले आणि मंडळीने वर्षअखेरीस दिलेली देणगीची पावती टेबलावर ठेवली. म्हटलं, "यावर हार्मन विअर्सुमचं नाव तुम्हीच छापलं आहे. रविवारी चूल पेटवून मिळवलेला पैसा आहे, सगळा. तो तुमच्या भट्टीला चालला. मग माणूस का चालत नाही? त्याला तरी बोलवा, नाहीतर त्याचे पैसे तरी परत करा." बर्ट म्हणाला, "फेन्ना, तू दमली आहेस, घरी जा." मी म्हटलं, "दमले आहेच. तुझा हात मधे आला त्या दिवसापासून दमले आहे." पाळक नवीन आहेत, पोरगेलेसे. ते खाली बघत म्हणाले, "आम्ही विचार करू, बाई."

मग गुड फ्रायडेला प्रभुभोजन होतं. ताट माझ्याकडे आलं. मी भाकरी घेतली नाही, ताट पुढे दिलं. आयुष्यात पहिल्यांदा. शेजारी बर्टची बायको होती, तिच्या हातातून ताट सुटता सुटता राहिलं. ईस्टरला ती चेरी भरलेला गोड पाय भाजून घेऊन आली आणि म्हणते, फेन्ना, आत्म्याला जप. तो मला दाढेमुळे खाता आला नाही.

तुझी वेळ येईपर्यंत मीही घेणार नाही. तुला खूश करायला हे करत नाही. तू खूश होणार नाहीस, माहीत आहे. आईने मान खाली घातली तेव्हा मी तिच्या पलीकडे बसले होते. मी ताटातली भाकरी घेतली होती, हार्म, आणि खाल्ली होती.

तू लिही किंवा लिहू नकोस.

फेन्ना


डेट्रॉइट नदी, २९ मे

फेन्ना,

तुझं पत्र महिनाभर खिशात आहे. दोनदा उत्तर लिहिलं आणि दोन्ही वेळा पाण्यात टाकलं.

परतावा आला. सहा हजार दोनशेवरचा टॅक्स वजा होऊन अकरा हजार आणि वर काही. म्हणजे टॅक्सच्या नावाने माझं फार नुकसान झालं नाही, हे कबूल करतो. गाडी लांबली, चालायचंच, बोटीवर गाडी कुठे फिरवणार होतो मी? तुझ्या दातांचे पैसे त्या दंतवैद्याकडे पाठवले आहेत. परस्पर, बरं का! घरात येऊच दिले नाहीत. यातला दहावा हिस्सा काढायचा असेल तर एक दात कमी बसवावा लागेल.

राग अजून आहे. खोटं कशाला बोलू? सकाळी कणीक मळताना येतो आणि पाव घट्ट होतो, पोरं तक्रार करतात. मुखत्यारपत्र रद्द केलं ते परत देणार नाही. ते बरंच झालं. सत्तावन्न वर्षांचा घोडा मी, माझे पैसे मीच सांभाळायला हवे होते. तुझ्या डोक्यावर ठेवून निघून जायचो आणि वर म्हणायचो, भरवसा आहे.

पण ते भाकरी न घेणं बंद कर. उपाशी माणूस मला बघवत नाही, मी आचारी आहे. तू सहासष्ट वर्षं त्या बाकावर बसलीस, तुझा घास तू घे. माझ्यासाठी वडीलमंडळी काय ठरवतात याची मी वाट बघत नाही. तू दार वाजवून त्या खोलीत गेलीस, ते मला पोहोचलं. लोवेलला वाचून दाखवलं तेवढंच. तो म्हणाला, ही बाई आमच्या बोटीवर पाहिजे.

जुलैत दहा दिवस सुट्टी आहे. शुक्रवारी येईन म्हणतो. मधे रविवार येतो. रविवारी त्या घरात मी काय करू, तू सांग. नुसता बसून राहणं मला जमत नाही आणि तू दारात थांबलेली मला बघवत नाही. ते ठरव, मग तिकीट काढतो.

हार्म


नोर्डवाल्ड, ७ जून

हार्म,

वडीलमंडळींनी विषय सप्टेंबरपर्यंत पुढे ढकलला. पाळक घरी आले होते, चहा घेतला, दोनदा "कठीण आहे" म्हणाले आणि गेले. भाकरीचं मी ठरवीन, ते तू मला शिकवू नकोस. वरची कवळी बसली. आरशात बघते तर आईच दिसते.

रविवारचं विचारलंस. तर ऐक. आई रविवारचे बटाटे शनिवारी संध्याकाळी सोलून पाण्यात बुडवून ठेवायची, कारण रविवारी सुरी हातात धरायची नाही. ती गेल्यापासून मी ठेवते. एक शनिवार चुकवलेला नाही, ताप होता तेव्हासुद्धा नाही.

तू येशील त्या शनिवारी मी बटाटे सोलणार नाही. रविवारी मी चर्चला जाईन, दारात थांबणार नाही. तू स्वयंपाकघरात बस, सुरी घे आणि सोल. परत आले की तू वाढ, मी जेवेन.

तिकीट काढ.

फेन्ना